न खोलायची सायकल

पाळणाघराचं दार सकाळी साडेसहाला उघडतं, आणि त्या दाराची किल्ली अकरा वर्षं एकाच बाईकडे होती. पोरं तिला किल्लीमावशी म्हणायची. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, आणि तिथून ते सहसा बाहेर पडत नसे. किल्ली पितळेची, बोटभर लांब. मावशी ती गळ्यातल्या दोरीला लावून स्वेटरच्या आत ठेवायची, कारण थंडीत पितळ हाताला चावतं.

उन्हाळ्यात साडेसहा काय नि पावणेसात काय. आयाबाप पायरीवर बसून गप्पा मारतात, पोरं कुंपणाला लोंबकळतात. हिवाळ्यात मात्र त्याच पायरीवर गुडघाभर बर्फ असतो, अंधार असतो, आणि टोपीतून नुसती नाकं दिसणारी पोरं दाराकडे बघत उभी असतात. त्यातल्या एका मुलीचा बाप बस चालवतो. शहरातली पहिली बस सातला तोच काढतो. म्हणजे मावशीला उशीर झाला की बसवाल्याला उशीर, आणि बसवाल्याला उशीर झाला की अर्ध्या शहराला. पहिली बसच सातची, म्हणून मावशीला स्वतःला बसने येता येत नसे. हे वेळापत्रक ज्याने आखलं त्याला एकदा गाठायची तिची फार इच्छा होती. मोटार तिला चालवता येत नव्हती आणि सेहेचाळिसाव्या वर्षी शिकायचा उत्साह नव्हता. तेव्हा राहिली सायकल. पाच किलोमीटर, मध्ये एक पूल, पुलाला चढ.

त्या हिवाळ्यातला पहिला बर्फ पडला आणि त्याच सकाळी जुन्या सायकलीने दगा दिला. मागच्या चाकाला गियरचं जे लटकन असतं, त्यात बर्फ आणि तो वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात त्या मिठाचा चिखल गच्च बसला. चेन उडाली आणि चाक नि दात्यांच्या मध्ये जाऊन अडकली. मावशीने हातमोजे काढले, चेन ओढली, बोटं सोलून घेतली, सायकलीला तिच्या सात पिढ्यांवरून बोलली आणि पाळणाघरापाशी पोचली तेव्हा सहा अठ्ठेचाळीस झाले होते. बसवाला काही बोलला नाही. त्याने मुलीला आत ढकललं आणि धावत सुटला. न बोलणाऱ्या माणसाचं जास्त लागतं.

दुपारी संचालिकेने तिला आत बोलावलं. संचालिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या कधीच आवाज चढवत नसत, आणि म्हणून त्यांच्याशी भांडता येत नसे.

"हिवाळा आहे, होतं कधीतरी," मोठ्या बाई म्हणाल्या. "दोनदा मी समजू शकते. तिसऱ्यांदा झालं तर किल्ली मला दुसऱ्या कुणाकडे द्यावी लागेल. तुम्ही नऊच्या पाळीला या. काम तेच आहे."

काम तेच कसं असेल? नऊला येणारी बाई पाळणाघरात येते. साडेसहाला येणारी पाळणाघर उघडते. दिवे लावते, हीटर लावते, आणि बाहेरची नाकं एकेक करून आत घेते. मावशीला नवरा नव्हता, मूल नव्हतं, बढती नव्हती, कुणी तिला हार घालणार नव्हतं. सगळ्या शहरात एक दार असं होतं जे ती आली नाही तर उघडत नव्हतं. ते तिला हातचं घालवायचं नव्हतं.

आता दोष सायकलीचा होता हे खरं, पण मावशीच्या मनात सायकलीच्या मागे तिचे बाबा उभे होते.

बाबा कागदाच्या कारखान्यात चाळीस वर्षं फिटर होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण हात निवृत्त झाले नाहीत. इमारतीत त्यांना खोलकाका म्हणत, कारण दिसेल ते यंत्र खोलून बघायचं हा त्यांचा धर्म. त्यांनी घरातली इस्त्री खोलली, शेजाऱ्यांची दारावरची घंटा खोलली, आणि एकदा डॉक्टर हात धुवायला गेले तेवढ्यात रक्तदाब मोजायचं यंत्र खोललं. पुन्हा जोडलंही, आणि ते आधीपेक्षा बरं चालायला लागलं, पण डॉक्टरांनी त्यानंतर हात धुवायला जाताना दार उघडं ठेवायला सुरुवात केली.

दर रविवारी सकाळी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रं अंथरून त्यावर मावशीची सायकल उलटी व्हायची. चेन रॉकेलच्या डब्यात, नट बशीत, बाबा जमिनीवर. सोमवारी सायकल लोण्यासारखी चालायची. बुधवारपर्यंत मीठ तिला पुन्हा खायचं. आठवड्याला रविवार एकच येतो, मीठ रोज पडतं. शनिवारी संध्याकाळी बाबा विचारायचे, "काय म्हणते गाडी?" आणि मावशीला आठवड्याच्या तक्रारी आठवून सांगाव्या लागायच्या. तक्रार नसली तर बाबांचा चेहरा पडायचा, म्हणून कधीकधी तिला खोट्या तक्रारी रचाव्या लागत. चाळिशी उलटलेल्या बाईने बापाच्या समाधानासाठी कुरकुर ऐकू आल्याचं नाटक करायचं, याचा तिला मनस्वी कंटाळा आला होता.

तेव्हा तिने ठरवलं, अशी सायकल घ्यायची की जिला कुणी हात लावायची गरज नाही. बाबांनी तर नाहीच.

एकटीने दुकानात जायचा बेत होता. पण बाबा बूट घालून दारात उभे. "मी नुसता बघायला येतो," ते म्हणाले. नुसतं बघणं हा प्रकार त्यांच्याकडून आजवर घडलेला नव्हता.

सायकलवाला मितभाषी माणूस होता. त्याने मावशीचं सगळं ऐकून घेतलं, म्हणजे पूल, मीठ, साडेसहाची वेळ, आणि एक काळी, जाड, दिसायला अगदी सामान्य सायकल पुढे आणली.

"ताई, हिचे गियर बाहेर नाहीतच. मागच्या चाकाच्या मधोमध हा जाड डबा दिसतो ना, हा हब. आठही गियर ह्याच्या आत. बर्फ जात नाही, चिखल जात नाही. चेनला पूर्ण झाकण आहे. ब्रेकही चाकाच्या आत. दिवा पुढच्या चाकावर चालतो, बॅटरी नाही. चाकात हवा भरा आणि चालवा."

"बाकी काही करावं लागत नाही?" मावशीने विचारलं. तिच्या आवाजात भक्ती होती.

"वर्षातून एकदा माझ्याकडे आणा. मी तेल बदलून देतो. बाकी काही करायचं नाही."

बाबा तोवर गुडघ्यावर बसले होते. हबला त्यांनी दोन बोटांनी ठोकून पाहिलं होतं.

"खोलतात कुठून?" त्यांनी विचारलं.

"खोलायचं नाही, काका."

"बिघडलं तर?"

"सहसा बिघडत नाही."

"बिघडत नाही असं यंत्र मी पाहिलेलं नाही. आठ गियर म्हणजे आत पन्नास तरी चाकं असतील. बाहेरचं लटकन बिघडलं तर दिसतं तरी. हे आतल्या आत बिघडणार, आणि तुम्ही म्हणता खोलायचं नाही." मग मावशीकडे वळून म्हणाले, "तीन गियरची घे. दात कमी तेवढी दुखणी कमी. पुलाला तीन पुष्कळ झाले."

हे बरोबर होतं. सायकलवाल्यानेही मान हलवली. आणि बरोबर होतं म्हणूनच मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सायकल ती घेणार, पाय तिचे, पूल तिचा, आणि इथेही शेवटचा शब्द जमिनीवर बसलेल्या माणसाचा.

"आठवाली द्या," ती म्हणाली.

सायकलीबरोबर एक जाडजूड पुस्तिका मिळाली. ती घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या खालच्या खणात गेली, जिथे इस्त्रीची, धुलाईयंत्राची आणि रेडिओची पुस्तिका कोऱ्या करकरीत पडल्या होत्या. त्या घरात पुस्तिका कुणी वाचत नसे. बाबांचं म्हणणं असं, की ज्याला यंत्र कळतं त्याला पुस्तिका लागत नाही, आणि ज्याला पुस्तिका लागते त्याने यंत्राला हात लावू नये. मावशीला बापाची बाकी एकही सवय पसंत नव्हती, पण ही तिने न विचारता उचलली होती.

"हिला हात लावायचा नाही," तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. "रविवारी नाही, सोमवारी नाही. कधीच नाही."

"बरं," बाबा म्हणाले.

पहिले तीन आठवडे मावशी हवेत होती. सायकल अशी चालायची की आवाज नाही, कुरकुर नाही. पुलाच्या चढावर अंगठ्याने गियर फिरवला की आत कुठेतरी हलकेच टक् व्हायचं आणि पाय हलका व्हायचा. सहा वाजून वीस मिनिटांनी ती दारात. बसवाला येण्याआधी दिवे लागलेले. रविवारी बाबा वर्तमानपत्र अंथरायच्या ऐवजी वाचायला लागले, आणि वाचताना दर पाच मिनिटांनी दाराबाहेर जिन्याच्या उबेत उभ्या सायकलीकडे बघायला लागले. मावशीला ते दिसत होतं. तिने बघून न बघितल्यासारखं केलं.

दुपारी तीनला तिची पाळी संपायची. निघण्याआधी मागच्या अंगणात तीस पोरांचे साठ बूट धुवायचे, हे तिचं शेवटचं काम. तिथे पोरांना आंघोळ घालायच्या न्हाणीतून काढलेली गरम पाण्याची नळी होती. मिठाने बुटांचं कातडं पांढरं पडतं, गरम पाण्याने ते पटकन सुटतं. बुटांमागून सायकलीचा नंबर. टायर, मडगार्ड, चाकाच्या तारा, हब, सगळीकडून ती मीठ सोडवून काढायची. मळलेलं लोखंड रात्रभर ठेवायचं नाही, हे तिला पाचव्या वर्षापासून पाठ होतं. सायकल चकचकीत झाली की फडक्याने पुसून ती घरी जायची, आणि हे सगळं आपण कुणाच्याही मदतीशिवाय केलं याचं तिला बरं वाटायचं.

मग कडाका पडला. रात्रीतून पारा शून्याखाली पंधरावर गेला. मावशी सहा वाजून दोन मिनिटांनी निघाली, कोपऱ्यावर वळली, पुलाच्या पायथ्याशी आली, आणि पायडल एकदम सैल झालं. पाय गरगर फिरत होते, चाक जागचं हलत नव्हतं. चेन जागेवर होती. ब्रेक मोकळे होते. तिने आठही गियर फिरवून पाहिले. शाळेत उत्तर येत नसताना पोरगं मान डोलावतं, तशी सायकल नुसती मान डोलावत होती. मावशी उतरली आणि सायकल ढकलत धावली. सहा चाळीस. दाराशी नऊ नाकं उभी होती. बसवाल्याने या वेळी घड्याळाकडे बघितलं.

तिने सायकल आतल्या बोळात हीटरजवळ उभी केली, आणि दुपारी बघते तर काय, शहाण्यासारखी चालते आहे. काही झालंच नाही जणू. बिघडलेलं यंत्र परवडतं. बिघडून नामानिराळं होणाऱ्या यंत्रासारखं संतापजनक दुसरं काही नाही. आपोआप बिघडत नाही आणि आपोआप सुधारत नाही, तेव्हा कुणीतरी हात लावला असणार, असं मावशीने मनाशी धरलं. आणि अशा वेळी ज्याचं नाव आधी सुचतं त्याचंच तिला सुचलं.

घरी आली तेव्हा बाबा खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या बाहीला ग्रीस लागलं होतं.

"तुम्ही ती खोललीत," मावशी म्हणाली. कोट काढायच्या आधीच.

"काय?"

"सायकल. खोललीत आणि पुन्हा नीट बसवली नाहीत. आज पुलाखाली चाक फिरेना. दुसऱ्यांदा उशीर झाला मला. दुसऱ्यांदा, बाबा."

"मी हात लावला नाही."

"मग हे बाहीला काय आहे?"

बाबांनी बाही बघितली. "खालच्या मोठ्या दाराची बिजागरी करकरत होती. तिला लावलं."

"इस्त्रीच्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होतात. नुसती धूळ पुसली. मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी होती. एक वस्तू सोडून द्या. एक. तेवढंही तुम्हाला जमलं नाही. तुमच्या या खोलाखोलीपायी माझी किल्ली जाणार आहे, कळतंय का तुम्हाला?"

एवढं बोलल्यावर थांबायला हवं होतं, पण अकरा वर्षांचे रविवार आत साठलेले होते. ती म्हणाली, "तुम्हाला करायला काही उरलं नाही म्हणून माझं मोडत बसता."

बाबा उठले, आतल्या खोलीत गेले आणि हत्यारांची पेटी घेऊन आले. हिरवी पत्र्याची पेटी, कोपरे झिजून चांदीसारखे झालेले. कारखान्यातून निरोप देताना घड्याळ हवं की पेटी असं विचारलं होतं, तेव्हा त्यांनी पेटी मागून घेतली होती.

"घे," ते म्हणाले. "कुलूप लाव. म्हणजे तुलाही काळजी नको."

त्यांना वाटलं असेल, ती नको म्हणेल. ती म्हणाली नाही. तिने पेटी कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली पाळणाघराच्या किल्लीशेजारी दोरीत ओवली.

पुढचे पंधरा दिवस हवा मऊ होती. बर्फ वितळला, रस्ते काळे दिसायला लागले, आणि सायकल एकदाही अडली नाही. झालं, मावशीला पुरावा मिळाला. पेटी कुलपात गेली आणि सुंठीवाचून खोकला गेला. घरात मात्र शांतता फार झाली होती. स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला होता. आधी थेंब थेंब, मग जरा जोरात. एरवी बाबांनी पहिल्या थेंबाला पाना घेतला असता. आता ते नळासमोर बसून चहा प्यायचे आणि थेंब ऐकायचे. एक दिवस मावशीने पाहिलं, नळाच्या तोंडाला फडक्याची पट्टी बांधलेली आहे, पाणी तिच्यावरून गुपचूप खाली उतरतं आहे, आवाज नाही. रुसलेत, तिने मनाशी म्हटलं. रुसू देत.

मग कडाका परत आला. शून्याखाली अठरा. कोपरा, वळण, पुलाचा पायथा, आणि पायडल सैल.

या वेळी तिने गियर फिरवून पाहिले नाहीत. ती सायकल टाकूनच धावली. पूल चढली, पूल उतरली, दोनदा घसरली, एकदा गुडघ्यावर पडली, पुढे लंगडतच धावली, आणि धावताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, पेटी कुलपात आहे. पेटी कुलपात आहे, आणि किल्ली माझ्या गळ्यात आहे.

पाळणाघराचे दिवे लागलेले होते. सहा बावन्न. मोठ्या बाई दाराशी उभ्या होत्या, त्यांच्याकडची जादा किल्ली कुलपातच लोंबत होती. बसवाला त्या पोचायच्या आधीच गेला होता. मुलीला बसमध्ये बसवून घेऊन गेला होता, पहिल्या फेरीला. ती पोर नंतर आठवडाभर सगळ्यांना सांगत होती, मी बस चालवली.

"लागलं का तुम्हाला?" मोठ्या बाईंनी आधी गुडघा बघितला. त्या वाईट बाई नव्हत्या, हेच तर वाईट होतं. मग त्यांनी हात पुढे केला. मावशीने स्वेटरच्या आतून दोरी ओढली. दोरीला दोन किल्ल्या होत्या. गारठलेल्या बोटांनी त्यातली बरोबर किल्ली सुटायला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ मोठ्या बाई हात तसाच धरून उभ्या राहिल्या.

दुपारी मावशीने पुलाखालून सायकल उचलली आणि ढकलत दुकानात नेली. तोंडात शब्द तयार होते. न बिघडणारी म्हणून गळ्यात मारलीत. काही करायचं नाही म्हणालात. अकरा वर्षं होती माझ्याकडे ती किल्ली. पण सायकलवाला काही ऐकायला थांबला नाही. त्याने चाक सोडवलं, हबच्या एका बाजूचा नट काढला आणि आतलं यंत्र अख्खंच्या अख्खं बाहेर ओढून टेबलावर ठेवलं. ग्रीस पिवळं असायला हवं होतं. ते पांढरंफटक होतं, दुधात कालवल्यासारखं, आणि त्यातून पाण्याचे थेंब टेबलावर ओघळत होते.

"हे बघा," तो म्हणाला, आणि नखाएवढा एक खटका दाखवला. "हा वर उठतो तेव्हा चाक पकडतो. आत पाणी शिरलंय. थंडीत ते गोठलं की हा उठत नाही. मग पाय नुसते फिरतात. गरम खोलीत ठेवली की बर्फ वितळतो आणि परत चालते."

"बर्फाचं पाणी?"

"छे. बर्फाने हे होत नाही, पावसानेही नाही. कुणीतरी रोज गरम पाणी मारतंय हिच्यावर. गरम पाण्याने हब तापतो, निवताना पाणी आत ओढून घेतो. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर लिहिलंय, धुऊ नका, कोरड्या फडक्याने पुसा." त्याने वर बघितलं. "कोण धुतं हिला?"

मावशीच्या ओठांवर बाबा हा शब्द आलाच होता. तो तिथेच थांबला.

तिला मागचं अंगण दिसलं, नळी दिसली, साठ बूट दिसले. आपलेच हात दिसले, लाल झालेले, वाफाळणारे, हबभोवती पाण्याची धार गोल गोल फिरवणारे. रोज. एक दिवस न चुकता.

"काही लोकांना नुसतं सोडून देणं जमत नाही, ताई," सायकलवाला खटका पुसत म्हणाला. त्याच्या मनात तिच्याबद्दल काही नव्हतं, तो बहुधा त्या दिवशी गुडघ्यावर बसलेल्या काकांबद्दल बोलत होता. मावशीने त्याला ते तसंच समजू दिलं, आणि दुकानाबाहेर आल्यावर त्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

घरी बाबा स्वयंपाकघरात बसले होते. हात मांडीवर, एकावर एक. नळाच्या फडक्यावरून पाणी उतरत होतं. मावशीने कपाट उघडलं, पेटी आणली आणि टेबलावर ठेवली.

"मी होते," ती म्हणाली. "मीच रोज गरम पाण्याने धूत होते. पाणी आत जाऊन गोठलं. तुम्ही हात लावला नव्हता."

बाबांनी पेटीकडे बघितलं नाही. "किती गरम?" त्यांनी विचारलं.

"पोरांच्या अंगाला चालेल इतकं."

"हं." त्यांनी मनाशी काहीतरी हिशेब लावला. "आणि किल्ली?"

"घेतली. आज सकाळी."

नळाचं पाणी उतरत राहिलं. बाबा बोलले ते रागाने नाही, कारखान्यात एखाद्या नव्या माणसाला चूक दाखवावी तसं.

"त्या दिवशी तू मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. सकाळी अडतं, दुपारी चालतं, म्हणजे आत पाणी. एका मिनिटाचं काम होतं. त्याला पेटीही लागत नव्हती. पण तू विचारलं नाहीस. तू सांगितलंस."

मावशीला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. तिने पाठ फिरवली, तर समोर नळ.

"नळ गळतोय, बाबा," ती म्हणाली.

"गळू दे."

"पेटी आणलीय मी."

"दिसली. मी आता काही खोलत नाही."

मग ती खाली बसली, पेटी उघडली, आतला पाना उचलला. हा सोळाचा की सतराचा तिला माहीत नव्हतं, तिने कधी बघितलंच नव्हतं. नट पकडला आणि जोर लावला. पाना निसटून तिचं बोट सोललं गेलं, त्याच जागी, जिथे पहिल्या बर्फाच्या दिवशी चेनने सोललं होतं.

"पाणी आधी बंद कर," मागून आवाज आला.

तिने ओट्याखालची चावी फिरवून पाणी बंद केलं. या वेळी नट सुटला. आतून काळं, चपटं झालेलं रबरी वॉशर निघालं. पेटीच्या वरच्या कप्प्यात एका डबीत तशी वीसेक वॉशरं होती, सगळी सारखीच दिसणारी, आणि कुठलं बसेल ते डबीवर लिहिलेलं नव्हतं. पुस्तिका तर नव्हतीच.

"बाबा," मावशीने वळून न बघता विचारलं, "यातलं कुठलं?"

बाबा खुर्चीतून उठले नाहीत. पण खिशातून चष्मा काढून त्यांनी डोळ्यांवर चढवला.